अफराहची उशी

सना, येमेन, १२ एप्रिल १९९२

नूरिया,

तुला, नाजी यांना आणि हज्जा मोहसिना यांना सलाम. ईद चांगली गेली असेल. इथे सगळं ठीक आहे. आईच्या डोळ्यांचं तसंच आहे, उजव्याने थोडं दिसतं, डाव्याने अंदाज. गेले चौदा महिने तू माहेरी आली नाहीस, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पत्राचं कारण एवढंच, की ईदेला आईने हिजामच्या टॅक्सीतून तुला जे गाठोडं पाठवलं, त्यात चुकून अफराहची उशी गेली आहे. ती लहान पांढरी, निळ्या शिवणीची. ती पाठवायची नव्हती. तिला कसर लागली आहे आणि ती तुमच्या सगळ्या गाद्यांना लागेल. हिजामच्याच हाती परत दे. उसवून बघू नकोस, कसर उडते. मी इथे कापूस बदलून, उन्हं दाखवून परत पाठवीन.

बाळाच्या आईकडून बाळाची उशी मागणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. तरी मागते आहे.

आणि तिकडे अजून कुणाच्या मनात शंका असेल, तर पुन्हा एकदा लिहून देते. तुझ्या बाळंतपणाच्या चाळिसाव्या दिवशी मी तुझा किंवा अफराहचा एकही फोटो काढला नाही. कॅमेरा पेटीत होता. तेव्हा आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, आज कागदावर सांगते.

उशी याच आठवड्यात पाठव.

तुझी बहीण,
रऊफा


सना, २७ एप्रिल

नूरिया,

नाजी यांचं उत्तर मिळालं. दोन ओळी. "उशी इथे आहे आणि इथेच राहील. कसर नाही, माझ्या आईने वास घेऊन पाहिली." तुझा निरोप हिजामने तोंडी सांगितला. "रऊफाला सांग, आधी पोरगी गेली, आता तिची उशीही नेणार का?" बिचारा सांगताना खाली बघत होता.

तू असं म्हणणारच. मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते.

कसरीचं मी नीट पाहिलं नव्हतं, चूक झाली. खरी गोष्ट अशी, की ती उशी उशाला घेतल्याशिवाय आईला झोप येत नाही. या पत्रासोबत हिरव्या रेशमाची नवी उशी पाठवते आहे, त्यापेक्षा मोठी आणि मऊ. ही ठेव, ती दे. म्हाताऱ्या बाईच्या झोपेचा प्रश्न आहे, नाजी नाही म्हणणार नाहीत.

अतीका कापड विकायला तुमच्याकडे येऊन गेली, तिच्याकडून गोड बातमी कळली. पाचवा महिना म्हणजे आता जिने कमी चढ. आई रोज दुआ करते.

आणखी एक. बकरी ईदेच्या आधी तुमच्याकडे पिंजारी नक्की कधी येतो? आम्हालाही यंदा गाद्या उसवून कापूस पिंजून घ्यायचा आहे, म्हणून विचारते. सगळ्या गाद्या-उशा उसवतात का तुमच्याकडे, की फक्त मोठ्या?

रऊफा


सना, १५ मे

नूरिया,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल आणि राख होईपर्यंत तिथून हलू नकोस. आधीची दोन पत्रं मी नाजींसाठी लिहिली होती. टॅक्सीतून येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या बॅटऱ्यांच्या दुकानात फुटतं, हे मला माहीत आहे. हे अतीका आणते आहे. हे तुझं आहे, म्हणून यात खरं लिहिते.

उशीला कसर नाही. आईची झोप उत्तम आहे, भरदुपारीही घोरते. उशीत फोटो आहे. तुझा आणि अफराहचा. मी काढला होता.

आता जरा बस. आसपास कुणी असेल तर चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस.

तो दिवस तुला आठवतो तसाच मलाही आठवतो. तुला उंच गादीवर बसवलं होतं, भोवती नजर लागू नये म्हणून सतापाच्या डहाळ्या, समोर तीस-पस्तीस बायका. तुझ्या सासूबाई अमरानहून आल्या आणि दारातच मला म्हणाल्या, "ते यंत्र माझ्या सुनेकडे नाहीतर नातीकडे वळलं, तर मी दोघींना आत्ताच्या आत्ता घेऊन जाईन."

मी म्हटलं, "हज्जा, पेटीत बंद करते, किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"किल्ली नको. शब्द दिलास, पुरे."

पेटीला किल्ली नव्हतीच. मी आपलं उगाच मोठेपणाने म्हटलं.

या गावातल्या बायका माझ्यासमोर बुरखा उतरवून बसतात, ते माझ्या तोंडाकडे बघून नाही, हे तूच मला सांगायचीस. आपल्या भावाने, हमूदने जेद्दाहून आणलेला हा कॅमेरा फोटो तिथल्या तिथे बाहेर काढून देतो, म्हणून बसतात. रीळ नाही, धुवायला द्यायचं दुकान नाही, दुकानात बसलेला पुरुष नाही. एक फोटो, त्याची दुसरी प्रत नाही, आणि जिचा चेहरा तिच्या हातात तो सुकायच्या आत. अकरा वर्षांत मी एकाही बाईचा चेहरा स्वतःकडे ठेवलेला नाही. फक्त तुझा ठेवला.

असरच्या नमाजाला सासूबाई खाली गेल्या. ताशेवाली रंगात आली होती. तुझी ओढणी मानेवर घसरली होती, अफराह मांडीवर होती, आणि तिने तुझ्या केसांची एक बट मुठीत धरली ती सोडेचना. तू मान तिरकी करून ओरडलीस, "अगं सोड गं बाई, टकली करशील आईला!" आणि हसत सुटलीस. तीन मुलं पोटातच गेल्यावर ही चौथी, जिवंत, केस ओढणारी. तुला असं हसताना मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. पेटी कधी उघडली मला कळलंही नाही. कॅमेऱ्याची घरघर ताशात बुडाली. फोटो मी बाहीत सारला आणि तो बाहीतच उमटला.

तुला तो त्याच दिवशी देणार होते. पण सासूबाई वर आल्या, मग पाहुण्या उठल्या, दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. आणि त्यानंतर एकविसाव्या दिवशी हिजाम सांगत आला, की बाळ गेलं. आम्ही अमरानला पोचलो तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस. सगळ्यांसमोर मला विचारलंस, "रऊफा, तू तिचा फोटो काढलास का? एकदाच सांग." सासूबाई तुझ्या मागे उभ्या होत्या. मी आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि खोटं बोलले. मला वाटलं, हो म्हटलं तर तू मला कायमची तोडशील. तू विश्वास ठेवला नाहीस आणि तरी तोडलंसच, ते निराळं.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाळाकडे पाहिलं की माशाअल्लाह म्हणायचं. मी कुणाच्याही बाळाचा फोटो काढताना म्हणते, इतकं म्हणते की बायका चेष्टा करतात. त्या वेळी म्हटलं नाही. कॅमेरा हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता, आणि श्वास सोडला तेव्हा फोटो लपवायची घाई होती. तो शब्द राहून गेला. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाला. मीही चारचौघींत न्यूमोनियाच म्हणते, नजर लागण्याच्या गोष्टींना हसतेसुद्धा. पण एकटी बसले, की पहिल्यांदा तो रोखलेला श्वास आठवतो.

आणि माझी नजर तेव्हा साफ होती का? मला मूल नाही. सालिहने मला त्यासाठीच सोडलं, तुला माहीत आहे. ती मूठ मी तुझ्या केसांत बघत राहिले. मला ती हवी होती, नूरिया. निदान तिचा फोटो तरी माझा असावा असं वाटलं. म्हणून गेलं वर्षभर तो तुला दिला नाही. तिच्या उशीला घरात कुणी हात लावत नव्हतं, म्हणून तिच्यात शिवून ठेवला. अधूनमधून शिवण उसवायची, बघायचा, पुन्हा शिवायची. आणि या ईदेला मी शेजारी बसायला गेले असताना आईने उशी गाठोड्यात बांधली.

आता नीट वाच. अतीका म्हणते, तुमचा पिंजारी ईदेच्या चार दिवस आधी येतो आणि तुझ्या सासूबाई घरातली सुईची गादीसुद्धा उसवून घेतात. म्हणजे सात जूनला तो फोटो अंगणात पिंजाऱ्याच्या पुढ्यात पडेल. डोक्यावर पदर नाही, केस मोकळे, तोंड उघडून हसणारी तू. आणि तो आधी बघणार एक परका पुरुष. हमामच्या गल्लीतल्या बिल्किसचं काय झालं ते तुझ्यासमोर घडलं. भावजयीने रीळ दुकानात धुवायला दिलं, कुणीतरी एक फोटो बघितला, कुणीतरी तिच्या नवऱ्याला सांगितलं. ती एका बोचक्यासह माहेरी परत आली आणि दोन्ही मुलं तिकडेच राहिली. अजून ती शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर जाऊन उभी राहते. तुझं तर मूल अजून पोटात आहे. ते होईपर्यंत तुला ठेवतील आणि मग ते ठेवून तुला पाठवतील. मला या एकाच गोष्टीची भीती आहे, बाकी नाजींनी मला काय म्हणायचं ते म्हणू देत.

उशीची निळी शिवण उसव, जिथे टाके जरा जवळजवळ आहेत तिथून. ते माझे आहेत. तुझ्यासारखे डाव्या हाताचे तिरके टाके मला आले नाहीत, नाहीतर तसेच घातले असते. कापसाच्या मध्यात मेणकागदाची घडी आहे.

तो जाळून टाक, असं लिहायला बसले होते. दोनदा लिहिलं आणि खोडलं. तिचा तो एकच फोटो आहे, जगात दुसरा नाही. तू बघ. तुझं काय ते तू ठरव. ठेवायचा असेल तर अंधारात ठेव, उजेडाने रंग उडतो, फार वेळा बाहेर काढलास तर वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडेल. कापू नकोस. कापला की कडेने आतले थर सुटतात आणि हवा चित्र खाते. अगदीच कापावा लागला तर कड ताबडतोब बंद कर.

जमलं तर उशी परत पाठव, म्हणजे तू मोकळी.

मला माफ कर असं म्हणत नाही. आधी हे निभू दे.

रऊफा


सना, ३० मे

नूरिया,

हे पत्र कुणाच्या हाती पाठवायचं ते ठरलेलं नाही. बहुतेक पाठवणारच नाही. पण गप्प बसवत नाही.

अतीका काल परत आली. एरवी आल्या आल्या पाय पसरून कपभर गरम किश्र मागते, काल उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "रऊफा, तुझ्या कामापायी माझं धंद्याचं घर जाणार होतं."

"पत्र दिलंस का?"

"ऐक तरी. दारातच हज्जा मोहसिना. म्हणाली, बोचकं इथेच सोड. एकेक कापड स्वतः झटकून बघितलं. मी या घरात बारा वर्षं जाते, बाई, कुणी माझं बोचकं झटकलं नव्हतं."

"आणि पत्र?"

"पत्र कापड गुंडाळायच्या फळीला. जांभळ्या कापडाच्या सगळ्यात आतल्या घडीत. मी तुझ्या बहिणीला म्हटलं, हा शेवटचा तुकडा, फळीसकट घेऊन टाक, स्वस्तात देते. तर ती म्हणाली, नको, जांभळा मला शोभत नाही. मी डोळे वटारले तरी हिचं आपलं नको. तेवढ्यात म्हातारी म्हणते, बघू, रंग बरा आहे, मलाच होईल. आणि फळी तिच्या हातात!"

माझ्या हातातली कपबशी कधी खाली ठेवली ते मला आठवत नाही. मी विचारलं, "मग?"

"मग काय, तुझी बहीण उठली आणि म्हणाली, अम्मा, खरं तर मला आवडलाय, बाळंतपणात घालीन. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं. दिलं. पण त्याआधी दोन वेटोळी सोडून बघितली होती, हां. तिसऱ्यात तुझं पत्र होतं की चौथ्यात, अल्ला जाणे. मी पैसेही न घेता उठले."

एवढंच कळलंय मला. पत्र तुला मिळालं की तिला, हे मला माहीत नाही. अतीका पुन्हा तिकडे जायला तयार नाही आणि मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

आईला मी जाब विचारला. ती खिडकीशी वाटाणे सोलत होती. मी म्हटलं, "आई, उशी का पाठवलीस? मला विचारायचं तरी होतंस."

"पोरीची उशी. आईला दिली. त्यात विचारायचं काय?"

"आत काय आहे ते तुला ठाऊक नाही!"

आईने शेंग मोडली आणि म्हणाली, "माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली. कापसात कडक काय लागतंय ते वर्षभर मला कळत होतं. कुणाची वस्तू कुणाच्या घरात आहे तेही कळत होतं."

"त्या घरात तो सापडला तर काय होईल, याचा विचार केलास?"

"नाही केला," आई म्हणाली. मग शेंगा बाजूला ठेवल्या. "तिला बघायला मिळावं, एवढाच केला." तेव्हापासून ती धड जेवलेली नाही. आता घरात घाबरणाऱ्या दोघी झालो.

रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला की मी दाराशी जाते. तुला घेऊन कुणी आलंय, तुझं बोचकं टपावर बांधलंय, असंच पहिल्यांदा मनात येतं. मग गाडी निघून जाते. परवा हदादांकडच्या लग्नात चार फोटो काढले, चारही हलले. वधूची आई म्हणाली, "रऊफा, म्हातारी झालीस की काय?" मी हो म्हटलं. पुढची दोन लग्नं नाकारली आहेत.

पिंजारी यायला आठ दिवस आहेत.


सना, ६ जून

नूरिया,

हे पत्रही पाठवायचं नाही. लिहीन आणि स्वतःच चुलीत घालीन. तुला पोचायचं ते उद्याच्या पत्रात पोचेल. त्यात मी केशराबद्दल लिहिणार आहे. आईने तुला कधीच केशर पाठवलेलं नाही, त्यामुळे तू बरोबर ओळखशील.

आज दुपारी जुहरच्या नमाजाआधी हिजाम आला. मी भोंगा ऐकून खाली गेले तर गाडीत तू नव्हतीस. त्याच्या काखेत उशी होती.

तो म्हणाला, "घे बहिणी, तुझं सिंहासन. दोन महिने या उशीने माझं डोकं खाल्लं. सोनं भरलंय का हिच्यात?"

मी म्हटलं, "सोनं असतं तर तुझ्या गाडीने मागवलं असतं का?"

सोबत नाजींची चिठ्ठी होती. "ही घ्या. माझ्या बायकोनेच सांगितलं, की बहिणीचा एवढा जीव अडकलाय तर तिची वस्तू घरात नको. यापुढे आमच्याकडे पत्र पाठवायचं कारण उरलेलं नाही." मी ती तीनदा वाचली. रागीट चिठ्ठी होती, पण नुसतीच रागीट. बायकोचा उघडा फोटो पाहिलेला माणूस "माझ्या बायकोनेच सांगितलं" असं लिहीत नाही. तेव्हा कुठे मी पायरीवर बसले.

खोलीत जाऊन दार लावलं. शिवण बघितली. माझे जवळजवळचे टाके नव्हते तिथे. डाव्या हाताचे, तिरके, आईने लहानपणी बोटांवर छडी मारूनही न सुटलेले तुझे टाके होते. म्हणजे जांभळं कापड तूच सोडलंस, पत्र तुलाच मिळालं. मी तोंडावर ओढणी दाबून रडले, खाली हमूदची बायको होती म्हणून.

मग उसवलं. मेणकागदाची घडी होती. तिच्यात अर्धा फोटो होता.

तुझा अर्धा. तिरकी मान, मोकळे केस, हसणारं तोंड. कापलेल्या कडेला पांढऱ्या कापडाची पट्टी घालून इतकी बारीक शिवली आहेस, की हवा काय, मुंगी शिरणार नाही. मला आधी वाटलं, तू माझ्यावर रागावून कापलास. मग लक्षात आलं. बाळाचा फोटो त्या घरात सापडला तर शिव्या बसतील, माझ्या खोट्या शपथेचा उद्धार होईल, तुझ्या सासूबाई चार दिवस छाती पिटतील. पण तुला कुणी घालवणार नाही. पोटातलं तुझ्यापाशी राहील. म्हणून तू स्वतःला कापून काढलंस आणि माझ्याकडे ठेवायला पाठवलंस, आणि तिला ठेवून घेतलंस.

मी तो खिडकीशी नेला, पडदा जरासा सारून. कड सरळ नाही. वरून सरळ येते, खालीही सरळ जाते, पण मध्ये, तुझ्या कानाच्या खाली, कात्री आत वळली आहे आणि गोल फिरून बाहेर आली आहे. एक खाच आहे तिथे, सुपारीएवढी. तिथली तुझ्या केसांची बट गेली आहे.

तिची मूठ तू कापली नाहीस. तिच्याभोवतीने कात्री फिरवलीस. मूठ तिच्यापाशी आहे आणि मुठीतले केसही.

आई दारावर थापा मारत होती. "आलं का? रऊफा, आलं का गं ते?" मी तिला आत घेतलं, दार पुन्हा लावलं आणि तिचं बोट धरून त्या खाचेवरून फिरवलं. तिने दोनदा स्वतःच फिरवलं. विचारलं, "इथे काय होतं?" मी सांगितलं. आई तिथेच जमिनीवर बसली.

मग मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलेला शब्द म्हटला. माशाअल्लाह. सव्वा वर्ष उशिरा, आणि ती तिथे नसताना. त्याने काही होणार नाही हे मला कळतं. माझी भीती गेली का, तर तेही नाही. पिंजारी उद्या येणार, तू अर्धा फोटो कुठे ठेवलास मला माहीत नाही, तुझ्या सासूबाई बोचकी झटकतात, आणि तुला अजून दोन-अडीच महिने काढायचे आहेत. माझ्याकडचा अर्धा सापडला तर माझ्यामुळे तू बुडशील. मी कॅमेऱ्याच्या पेटीला किल्ली करून घेतली आहे, आज दुपारीच. किल्ली आईच्या गळ्यात आहे.

तू मला माफ केलंस का, हे या अर्ध्या फोटोवरून मला कळत नाही. पण जो चेहरा कुणाला दाखवायची तुला मुभा नाही, तो तू माझ्याकडे ठेवायला दिलास. अकरा वर्षांत बायकांनी मला खूप चेहरे दिले, पण ठेवायला कुणीच दिला नव्हता.

आता हे चुलीत.


सना, ७ जून १९९२

नूरिया,

तुला, नाजी यांना आणि हज्जा मोहसिना यांना सलाम. ईद मुबारक.

उशी पोचली. आईला झोप लागली. मी उशी उसवून पाहिली, आत कापसाशिवाय काही नव्हतं. उगाच तुम्हा सगळ्यांना त्रास दिला, त्याची माफी असावी. नाजी यांचं म्हणणं बरोबर आहे, यापुढे पत्र पाठवणार नाही.

चाळिसाव्या दिवसाबद्दलही शेवटचं लिहिते, म्हणजे पुन्हा विषय नको. मी त्या दिवशी एकही फोटो काढला नव्हता. आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आई शेजारीच बसली आहे, आणि मी हे लिहिताना तिने स्वतःहून डोकं माझ्या हाताखाली आणलं आहे.

आईने तुला केशराची डबी पाठवली होती, तिच्याबद्दल तिचा निरोप आहे. ते जुनं आहे आणि तसलं आता कुठे मिळत नाही, तेव्हा जपून वापर. उजेडात ठेवू नकोस, रंग उडतो. उन्हाच्या खिडकीजवळ तर मुळीच नको.

आणि रोज उघडून बघू नकोस, नूरिया. जुम्म्याला एकदा पुरे.

तुझी बहीण,
रऊफा